मदत हवी आहे : कुपोषित मुलांच्या अंगावर सूज नेमकी कशाने येते?

पोषणशास्त्राचा अभ्यास करतेय आणि एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. अतितीव्र कुपोषणात काही मुलं वाळून नुसती हाडं-कातडं उरतात (मरास्मस), तर काहींच्या दोन्ही पायांवर सूज चढते (क्वाशिऑरकर). असं का?

पाठ्यपुस्तकातलं उत्तर पाठ आहे: प्रथिनं कमी, म्हणून रक्तातलं अल्ब्युमिन (पाणी रक्तात धरून ठेवणारं प्रथिन) कमी, म्हणून पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं. पण १९८०च्या सुमारास जमैकात संशोधक मायकेल गोल्डन आणि सहकाऱ्यांना दिसलं की अल्ब्युमिन वाढायच्या आधीच सूज उतरते. शिवाय उपचाराच्या सुरुवातीला देतात त्या एफ-७५ या खास दुधात १०० मिलीला प्रथिनं जेमतेम ०.९ ग्रॅम, तरी सूज ओसरते! मग दोष प्रथिनांचाच कसा? कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. १९६८मध्ये भारतीय पोषणतज्ज्ञ गोपालन यांनाही दोन्ही प्रकारच्या मुलांच्या आहारात ठळक फरक सापडला नव्हता. तरी अल्ब्युमिनला मोडीत काढू नका, त्याची बाजू घेणारे संशोधक आजही आहेत.
माझ्या मते कारणं एकात एक गुंतलेली आहेत. सूज आलेल्या मुलांत ग्लुटाथायोन (पेशींचं रक्षण करणारं अँटिऑक्सिडंट) फार कमी असतं. गोवर, जुलाब असा संसर्ग झाला की मुक्त मूलकांचा (पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा) मारा पेशींना सोसत नाही, असं गोल्डन यांचं म्हणणं. पटण्यासारखं आहे, पण आफ्रिकेतल्या मलावीत मुलांना अँटिऑक्सिडंट देऊन पाहिले तर आजार टळला नाही (२००५). पोटॅशियम घटतं आणि सोडियम (आणि त्यासोबत पाणी) साठतं, हे मात्र नक्की. २०१३मध्ये मलावीतल्याच जुळ्यांच्या अभ्यासात आतड्यातल्या जिवाणूंकडेही बोट गेलं: घर एक, जेवण एक, तरी आजारी एकच.

धागाकर्ती
जुळ्यांचं माहीत नव्हतं, आभार! मग सूज उतरवायला लघवी वाढवणारं औषध का देत नाहीत?

प्रतिसाद २
अजिबात नाही! पोटॅशियम आणखी घसरेल, जिवावर बेतू शकतं. सूज एफ-७५, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि प्रतिजैविकांनी उतरते. सुजलेल्या मुलाचं वजन फसवं असतं, म्हणून दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून खड्डा राहतो का ते बघतात. एकाच पायाला सूज असेल तर इजा किंवा तिथलाच संसर्ग शोधा. दोन्हीकडे असली तरी मूत्रपिंड आणि हृदय तपासायला हवं. लघवीतून भरपूर प्रथिनं जात असतील तर प्रकरण वेगळं, म्हणजे मूत्रपिंडाचं आहे.