दर रविवारी कुत्र्याला आंघोळ? मला नाही पटत

शेरूची आई
काल इथे एकांनी लिहिलं होतं, "कुत्रा घरात ठेवता ना, मग दर रविवारी बादलीत दोन झाकणं अँटिसेप्टिक टाकून खसाखसा आंघोळ घाला. गोचीड फिरकणार नाहीत." खाली भराभर अंगठे पडले. मला राहवलं नाही.

आमचा शेरू लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर. पहिलं वर्षभर मी हेच केलं. पोट लालभडक, अंगावर कोंडा, रात्रभर कराकरा खाजवणं. आपल्या कातडीचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, साडेपाचच्या आसपास, कुत्र्याचा सातच्या जवळपास. आपला शाम्पू, अगदी तान्ह्या बाळाचासुद्धा, त्याच्यासाठी नाही. आणि अंगावरचं अँटिसेप्टिक तो चाटणारच. आता महिन्यातून एकदा, कुत्र्यांचाच शाम्पू, कोमट पाणी. फरशीवर जुनं पोतं अंथरते. एकदा पाय घसरला की पुढे तो बाथरूमच्या दारातच अंग टाकून देतो.

मोतीचा बाबा
ते लिहिणारा मीच. घरी सत्तरीची आई आहे, रांगतं बाळ आहे. मोती चिखल तुडवून येतो तो थेट गादीवर. महिन्यातून एकदा म्हणजे घराचा गोठा. मोती ११ वर्षांचा आहे, एक रविवार चुकलेला नाही, आणि कातडी तुळतुळीत आहे. पीएचचं मला सांगू नका.

सातारकर
सगळे शहरी चोचले. आमच्या वस्तीवर कुत्र्याला कुणी पाणी लावत नाही. उन्हाळ्यात तो आपणहून उसाच्या पाटात बसतो, अंग झटकतो, झालं.

शेरूची आई
दादा, तुमचा अंगणात झोपतो. आमचा तिसऱ्या मजल्यावर, पलंगाखाली. तुलना कशी करता?

गौरी, दापोली
किती वेळा घालायची यावर भांडताय, वाळवण्याचं कुणीच बोलत नाही. इथे जुलैत टॉवेलसुद्धा वाळत नाही. लॅबच्या पाठीवर पाणी ओतलं तर वरून घसरून जातं, बोटांनी केस उलटे केले तरच आत मुरतं. आणि मुरलं की निघत नाही. वरून कोरडा दिसतो, आत बोट घाला, गार ओल लागते. आमच्या टिप्याला शेपटीच्या मुळाशी तळहाताएवढी जखम झाली होती, दोन दिवसांत. कानात पाणी गेलं ते वेगळंच, आंबूस वास आणि सतत मान हलवणं. पावसाळ्यात मी पाय आणि पोट तेवढं पुसते.

वऱ्हाडी माणूस
गोचिडांसाठी आंघोळ, हे डोक्यातून काढा. मी राणी गमावली आहे म्हणून बोलतो. दर आठवड्याला आंघोळ घालायचो, चिमट्याने गोचीड काढायचो. एक दिवस जेवण सोडलं. हिरड्या पाहिल्या, पांढऱ्याफटक. गोचीडताप निघाला, प्लेटलेट्स पार खाली. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, पण उशीर झाला होता.

गोचीड रक्त पिऊन खाली पडतो आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालतो. राणी गेल्यावर कॅलेंडर काढलं, तर मागे पिल्लं चढत होती. तुम्ही कुत्रा धुता, घर कोण धुणार? आणि कुणी रॉकेल लावायला सांगितलं तर हात धरा त्याचा, विष आहे ते.

मोतीचा बाबा
म्हणजे मी माझ्या कुत्र्याला मारतोय, असंच ना? ११ वर्षं सांभाळलाय मी. गोचिडांसाठी मानेवर टाकतात त्या औषधी थेंबांना पैसे मोजले, तरी पंधरा दिवसांत गोचीड परत. औषधात दम नाही, नुसता धंदा आहे.

वऱ्हाडी माणूस
थेंब टाकल्यावर आंघोळ कधी घातली होती?

मोतीचा बाबा
दुसऱ्या दिवशी. रविवार होता.

वऱ्हाडी माणूस
मग औषध मोरीत गेलं. ते कातडीच्या तेलातून अंगभर पसरतं. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस पाणी नको. दर आठवड्याला शाम्पू लावलात तर ते महिनाभर टिकणारही नाही.

सातारकर
चोचले म्हणालो ते आंघोळीबद्दल, ते मागे घेत नाही. पण गेल्या श्रावणात आमचं वर्षाचं कुत्रं गेलं. नाकातून रक्त आलं, शेजाऱ्याने विष घातलं असं समजून आम्ही त्याच्याशी बोलणं टाकलं. कुत्र्याच्या कानात गोचीड होते, द्राक्षासारखे. हिरड्या कुणी बघितल्या नव्हत्या.

शेरूची आई
दादा, वाईट वाटलं. शेजाऱ्यांशी बोला.

मोतीचा बाबा
अँटिसेप्टिक बंद करतो. शाम्पू महिन्यातून एकदा, बाकीचे रविवार साधं कोमट पाणी. त्याहून खाली मी येणार नाही, घरात बाळ आहे. थेंब कोणत्या वारी टाकू तेवढं सांगा.

वऱ्हाडी माणूस
बुधवारी. दोन खांद्यांच्या मध्ये, केस बाजूला करून कातडीवर. सुकेपर्यंत बाळाला त्याच्या अंगाला हात लावू देऊ नका. आणि आज रात्री मोतीचा ओठ उचलून हिरड्या बघून ठेवा, गुलाबी आहेत ना ते.