खानापूर भागातलं माउलीचं मोडकं देऊळ: मुळात देवीचंच का, कधीचं, आणि स्लॅब टाकावा का?

शिवेवरचा_वड (प्रश्न)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावाच्या शिवेवर जुनं दगडी देऊळ पडून आहे. गावात त्याला 'माउलीचं मोडकं देऊळ' म्हणतात. नवरात्रात उंबऱ्याशी दिवा लागतो, बाकी वर्षभर कुणी फिरकत नाही. तोंड पूर्वेला. गर्भगृह आतून सात बाय सात फूट, मग लहानसं अंतराळ (गर्भगृह आणि मंडप यांमधली जागा), पुढे चार खांबांचा साधारण चौदा फुटी चौरस मंडप. शिखर पूर्ण गेलेलं, त्याचे दगड मागे ढिगात. मंडपाच्या छताच्या दोन शिळा खाली आल्यात, एक तुळई बरोब्बर मध्यावर तडकलीय, दक्षिणेच्या भिंतीत पिंपळ घुसलाय.

गर्भगृहाच्या चौकटीवर मधोमध लक्ष्मी आणि दोन्हीकडून सोंडेने पाणी घालणारे हत्ती. आत मूर्ती नाही. पीठ (मूर्तीची दगडी बैठक) जागचं हललेलं आणि त्याखाली कुणीतरी कधीकाळी खणलेला खड्डा. मंडपात एका शिळेवर ओळीने नऊ बसलेल्या आकृती आहेत. बाहेर डोकं नसलेली चार हातांची स्त्रीमूर्ती, वरच्या उजव्या हातात गदा. बाजूला अर्धा पुरलेला शिलालेख, वर चंद्रसूर्य.

वडीलधारी मंडळी 'हेमाडपंती' म्हणतात, कन्नड शाळेचे मास्तर 'जकणाचारी' (कन्नड दंतकथेतल्या शिल्पकाराचं काम). जीर्णोद्धार समितीचा बेत आरसीसी स्लॅब, टाइल्स आणि ऑइलपेंटचा आहे, तोही दसऱ्याच्या आत. त्याआधी नीट कळलेलं बरं.

पीठ_आणि_प्रणाल

आधी देवतेचं बघू. चौकटीवरची गजलक्ष्मी हा पुरावा धरू नका. कर्नाटकातल्या कितीतरी शिवमंदिरांच्या ललाटबिंबावर (चौकटीच्या वरच्या मध्यावर) गजलक्ष्मीच असते, ती दाराची मंगलखूण आहे. तिथे पद्मासनातली जिनमूर्ती असती तर मात्र ही बस्ती (जैन मंदिर) होती असं सरळ म्हणता आलं असतं. आपल्या भागात ती शक्यता कायम लक्षात ठेवावी, कारण बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (1204) रट्ट राजांच्या मंत्र्यानेच बांधलेली आहे.

नऊ आकृतींची शिळा म्हणजे सप्तमातृका: एका टोकाला वीरभद्र, दुसऱ्या टोकाला गणपती, मध्ये सात. खाली वाहनं ओळखा: हंस, बैल, मोर, गरुड, म्हैस किंवा वराह, हत्ती, आणि शेवटी चामुंडेखाली प्रेत. पण हाही पुरावा नव्हे. शिवमंदिराच्या मंडपात मातृकांची शिळा ठेवायची पद्धतच होती. मातृका मुख्य देवता असत्या तर त्या ओळीला सामावणारं आडवं, लांबट गर्भगृह लागलं असतं. तुमचं चौरस आहे.

खरं उत्तर पिठात आहे, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत. पीठ ओल्या फडक्याने पुसा आणि वरचं भोक मोजा. गोल किंवा चौरस आणि मधोमध असेल तर लिंग होतं. लांबट आयताकृती खाच, मध्यापासून थोडी मागे सरकलेली असेल तर उभी मूर्ती होती. उत्तरेची पन्हळ बघून 'शिवाचंच' म्हणू नका, अभिषेक मूर्तीलाही होतो आणि तिच्या पिठालाही पन्हळ असते. मग पिठाचा दर्शनी भाग बघा. गरुड म्हणजे विष्णू, सात घोडे म्हणजे सूर्य. सिंह दिसला तर देवी असण्याचा संभव मोठा, पण जिनमूर्तीच्या आसनावरही सिंह कोरतात, तेव्हा एका सिंहावर निकाल देऊ नका.

बाहेरच्या मूर्तीचे उरलेले हात तपासा. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), वरच्या उजव्यात गदा, वरच्या डाव्यात ढाल, खालच्या डाव्यात पानपात्र असेल तर ती कोल्हापूरच्या अंबाबाईच्या धाटणीची महालक्ष्मी. कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'महालक्ष्मीलब्धवरप्रसाद' (महालक्ष्मीचा वर लाभलेले) म्हणवत, त्यामुळे हे रूप आपल्याकडे उतरणं अगदी स्वाभाविक आहे. वरच्या दोन्ही हातांत कमळं असती तर साधी लक्ष्मी, चक्र-शंख असते तर वैष्णवी.

आणखी एक करा. मंडपाच्या उत्तर-दक्षिण भिंतींत बुजवलेलं दार किंवा बाहेरच्या अंगाला जोत्याची ओळ आहे का बघा. कित्तूरजवळच्या देगावच्या कमलनारायण मंदिरात तीन गर्भगृहं आहेत: नारायण, लक्ष्मीनारायण आणि कमलादेवी. गोव्याच्या कदंबांच्या शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी, तिने ते 12व्या शतकात बांधवलं. तिथे देवीचं गर्भगृह तिघांतलं एक आहे. तुमच्या चार भिंती म्हणजे अशाच मोठ्या देवळाचा उरलेला तुकडा असू शकतो.

घडीव_पाषाण

काळाविषयी. 'हेमाडपंती' आणि 'जकणाचारी' ही एकाच सवयीची दोन भाषांतली नावे आहेत: चुना न वापरता बांधलेले जुने देऊळ दिसले की एका थोर माणसाच्या नावावर चढवायचे. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादवांचा मंत्री, म्हणजे 13व्या शतकाचा उत्तरार्ध. यादवांनी रट्टांचा हा मुलूख घेतला तो सिंघणाच्या काळात, 13व्या शतकाच्या पूर्वार्धात. आपल्याकडची बहुतेक मोठी देवळे त्याआधीची: वर कल्याणीचे चालुक्य, त्यांच्या हाताखाली सौंदत्ती-बेळगावला रट्ट आणि हलशीकडे गोव्याचे कदंब. जकणाचारीचे नाव बेलूरशी (1117) जोडतात, तीही दंतकथाच आहे.

दगड पाहा. जिल्ह्याच्या उत्तरेला काळा बसाल्ट, गोकाक-सौंदत्तीकडे वालुकाश्म, खानापूरच्या पश्चिमेस जांभा. स्थानिक दगडाच्या भिंतीत खांब आणि चौकट मात्र हिरवट-काळ्या, चाकूने ओरखडा उठणाऱ्या दगडाची असेल (कन्नडात बळपद कल्लु, पाटीवरच्या पेन्सिलीचा दगड), तर 11व्या शतकापासून पुढचा काळ धरावा. त्या मऊ दगडामुळेच खांब चरकावर फिरवून घडवता आले. खांबाच्या गळ्याशी काटेकोर गोल, धारदार कडी आणि घंटेसारखा फुगवटा असेल तर तो चरकावरचा खांब.

मागच्या ढिगात शिखराचे थर शोधा. कोरीवकाम नसलेले, लांब, पायऱ्यापायऱ्यांसारखे थर निघाले तर ते कदंब पद्धतीचे पायऱ्यांचे शिखर. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरावर ते आजही पाहता येते. छोट्या देवळ्यांच्या प्रतिकृती कोरलेले तुकडे निघाले तर चालुक्यांचे द्राविड धाटणीचे. ढिगातला एकही दगड हलवण्याआधी मात्र फोटो घ्यावेत. कोणता थर कुठे पडला आहे यावरूनच शिखर कसे कोसळले ते कळते.

लेखावर खडू, कणीक, तेल, चुना काहीही चोळू नका. नायलॉनच्या मऊ ब्रशने नुसत्या पाण्याने धुवा. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा आणि समोरून फोटो घ्या. चारही बाजूंनी प्रकाश टाकून चार फोटो. समोरून फ्लॅश मारला की अक्षरे सपाट होतात. लिपी बहुधा हळेगन्नड (जुनी कन्नड) असेल, तेव्हा मास्तरांची मदत तिथे खरी उपयोगी पडेल.

वर्ष वाचताना गफलत होते ती अशी. शक असेल तर 78 मिळवा. 'चालुक्य विक्रम वर्ष' असेल तर ती गणना 1076 पासून, म्हणजे 1075 मिळवा. कदंबांच्या लेखांत कलियुगाचे वर्षही असते, त्यातून 3101 वजा करा: हलशीच्या लेखातले 4270 म्हणजे 1169. वर चंद्रसूर्याबरोबर काय कोरले आहे तेही सांगा. लिंग, पुजारी आणि गाय-वासरू असेल तर शैव दान. छत्राखाली बसलेला जिन असेल तर पुन्हा सगळा विचार नव्याने.

सीमाभाग_५९१

यात विचार कसला करायचा? मूर्तीचं डोकं गेलंय म्हणजे फौजांनीच फोडलं. बहमनींनी बेळगाव घेतलं तेव्हाच.

घडीव_पाषाण

महमूद गवानने बेळगाव घेतले ते 1472 च्या सुमारास, हे खरे. पण प्रत्येक मोडक्या देवळावर ते लिहिता येत नाही. खूण दगडावर पाहावी लागते. मुद्दाम फोडलेल्या मूर्तीवर छिन्नी-हातोड्याचे घाव नाक, स्तन, हात अशा पुढे आलेल्या भागांवर असतात आणि शेजारचे सपाट कोरीवकाम शाबूत असते. छताची शिळा पडून तुटलेल्या मूर्तीचा तडा मात्र मान किंवा घोटा अशा निमुळत्या जागी आरपार, एका रेषेत जातो. तुळई मध्यावर तडकली आहे, म्हणजे तिथे वरच्या बोजाने काम केले आहे: दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही, म्हणून खालच्या अंगाने फाटतो. पिठाखालचा खड्डा तर बहुधा निधी शोधणाऱ्यांचा. या भागातल्या गर्भगृहांचे सर्वांत जास्त नुकसान त्यांनीच केले आहे.

चुना_आणि_चिरा

आता दुरुस्ती. पाऊस लागायच्या आत तडकलेल्या तुळईखाली धिरा द्या, बाकी सगळं नंतर. लोखंडी पाइपचा जॅक असेल तर त्याच्या डोक्यावर दोन इंची फळी ठेवा, लोखंड दगडाला थेट लावू नका. तडा वाढणार नाही इतकंच टेका. वर उचलायला गेलात तर शेजारच्या शिळा सरकतील.

पिंपळ उपटायचा नाही. मुळं सांध्यांत पाचरीसारखी बसलेली असतात, ओढलीत की भिंतच येते. भिंतीलगत करवतीने कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक ब्रशने लावा, फुटवा आला की पुन्हा. मुळं आत मरून वाळली की मग सांधे भरायचे. अ‍ॅसिड ओतायचा सल्ला देणारे भेटतील, ऐकू नका, दगड खाऊन टाकतं.

स्लॅबबद्दल लोक वजनाचं कारण सांगतात, ते चुकीचं आहे. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला सव्वातीनशे किलो, तुमची आठ इंची मूळ शिळा साडेपाचशेच्या घरात. मंडपाने मुळात जास्तच वजन पेललेलं आहे. बिघडतं ते वेगळं. स्लॅबच्या सळया धरायला खांबांना भोकं पाडतात. त्या सळया गंजल्या की फुगतात आणि खांब आतून फुटतो. मूळ बांधकाम सुटं आहे, जमीन थोडी बसली तर सांधे सरकून जुळवून घेतात. वरून एकसंध काँक्रीट बांधलं की ती मुभा संपते आणि तडा सर्वांत कमजोर जागी जातो. सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर मऊ दगडात शिरतात, सुकताना स्फटिक होऊन पापुद्रे काढतात. ऑइलपेंट तीच ओल आत कोंडतो. टाइल्सने जोत्याचे थर आणि पाण्याची वाट दोन्ही बुजतात.

त्याऐवजी खाली आलेल्या दोन शिळा अखंड असतील तर चेनपुलीने परत बसवता येतात, त्याआधी प्रत्येक दगडाला मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला नंबर द्या. वर चुन्याचा गिलावा: किमान तीन आठवडे भिजवून मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग, पाणी जाईल असा उतार. गिलावा आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. उन्हात उघडा टाकलात तर जाळीसारखा तडकतो आणि लोक म्हणतात चुना वाईट. तोवर ताडपत्री, पण दगडाला चिकटवून नव्हे, खाली वारा खेळेल अशी उंचावर.

कागदांचंही बघा. आधी आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबारा) जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा: मुजराई (राज्याचं देवस्थान खातं), सरकारी पड की खाजगी. मग राज्य पुरातत्त्व खातं आणि केंद्राचं धारवाड मंडळ, दोघांच्या संरक्षित यादीत नाव आहे का विचारा. केंद्राच्या यादीत असेल तर 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालतच नाही, त्यापुढे 200 मीटर परवानगी लागते. खणताना नाणी, ताम्रपट, मूर्ती काही निघालं तर कर्नाटकच्या 1962 च्या निधी कायद्याप्रमाणे डीसी ऑफिसला (जिल्हाधिकाऱ्यांना) कळवावं लागतं. पीडीओला (ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला) लेखी अर्ज देऊन पोच घ्या, तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

शिवेवरचा_वड

मोजून आलो. पिठावरची खाच आयताकृती, 22 इंच लांब, 5 रुंद, मध्यापासून मागे. पुढे झिजलेला एकच सिंह, बाजूला तोंड केलेला. मूर्तीच्या तळाची खुंटी 20 इंच लांब, 4 रुंद. खालच्या उजव्या हातात गोल फळ आहे, दोन्ही डावे हात गेलेले. मानेचा तडा आरपार, छिन्नीचा घाव कुठे दिसत नाही. धिरा उद्या बसेल. समितीचं म्हणणं, मूर्ती भंगलेली आहे तर नदीत सोडून नवी संगमरवरी बसवू.

पीठ_आणि_प्रणाल

खाच आणि खुंटी जुळतात. लांबीच्या दोन्ही टोकांना सुटलेली एकेक इंचाची आणि रुंदीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या इंचाची फट अष्टबंध (मूर्ती पिठात घट्ट बसवायचं मिश्रण) भरायला ठेवलेली असते. खाचेच्या कोपऱ्यात नखाने खरवडून काळपट, राळेसारखं काही निघतं का बघा. जिनाच्या आसनावर बहुधा समोर बघणारे सिंह असतात, तुमचा एकटा आणि बाजूला वळलेला, शिवाय गदा आणि म्हाळुंग. गावाचं 'माउली' खरं आहे, ही महालक्ष्मी.

नदीत मात्र अजिबात सोडू नका. भग्न मूर्ती गर्भगृहात पुजत नाहीत, एवढाच नियम पाळायचा तर तिला मंडपाच्या उत्तर भिंतीशी, जमिनीपासून चार इंच वर, दोन लाकडी ओंडक्यांवर भिंतीला टेकवून उभी करा आणि मागे गोणपाटाची घडी घाला. डोकं मागच्या ढिगात असण्याची शक्यता खूप आहे, कारण आरपार तुटलेलं डोकं कुणी लांब नेत नाही. ढीग उपसताना वरच्या थरापासून एकेक दगड हाताने काढा, जेसीबी आणू नका.