बहिणीला मार पडतो आणि मंडळीत सांगतात अधीन राहा

वडगावशेरीची ताई:
सलाम सगळ्यांना. धाकटी बहीण लग्न होऊन पिंपरीला असते, सासरचे एका स्वतंत्र मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातात, तीपण मनापासून जाते. नवरा मारतो. मागच्या महिन्यात हात सुजलेला बघितला तर म्हणे ओट्यावर आपटला, मग रडत रडत खरं बोलली. पास्टरकडे गेली होती तर त्यांनी विचारलं तू उलट बोलतेस का, बायबलमधलं इफिसकरांस ५:२२, बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं, हे वाचलं आणि दोघांना समोरासमोर बसवून प्रार्थना केली. त्याच रात्री परत मारलं, घरातलं बाहेर का सांगितलंस म्हणून. आता म्हणते निघून आले तर देवापुढे दिलेला शब्द मोडेल. मी पोलिसात चल म्हटलं तर माझे फोनच घेईना. कसं बोलू तिच्याशी?

खडकीचे काका:
बाळ, तिला वचनातूनच सांग. एक ओळ वर, ५:२१ मध्ये, एकमेकांच्या अधीन राहा असं आहे. २५ पासून पुढे बहुतेक सगळं नवऱ्याला सांगितलंय, बायकोवर स्वतःच्या शरीरासारखी प्रीती कर म्हणून. कलस्सैकरांस ३:१९ मध्ये तर बायकोशी कठोर वागू नका असं सरळ आहे. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने १९९८ ला बायकोने अधीन राहावं हे आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात घातलं, पण त्यांनीसुद्धा नवऱ्याने कुटुंबाचं रक्षण करावं असंच लिहिलंय. मारणाऱ्याच्या बाजूचं यात काही नाही. आणि हे पास्टरांना ऐकवायला हवं, पोरीला नाही.

येरवड्याहून:
काकांचं पटतं, पण ताई, आधी ते दोघांना एकत्र बसवणं थांबवा. मी त्यातून गेलेय, तिथे खरं बोललेलं घरी गेल्यावर अंगावर निघतं. सहा वर्षं तो बदलावा म्हणून उपवास केले मी. माझी मोठी बहीण दर शनिवारी नुसता डबा घेऊन यायची, सोड त्याला असं एकदाही म्हणाली नाही, आणि निघाले त्या दिवशी पहिला फोन तिलाच केला. नवऱ्यापासून दूर गेलं की विश्वास गेला असं तिला वाटत असेल तर केडगावच्या पंडिता रमाबाईंचं सांग, बायबलचं मराठी भाषांतर करणाऱ्या बाईनेच निराधार बायकांसाठी मुक्ती मिशन उभं केलं.

कोर्टवाली:
घटस्फोटाशिवायही मार्ग आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे, संरक्षणाचा आदेश मिळतो, राहत्या घरातून तिला असं बाहेर काढता येत नाही, लग्न तसंच राहतं. म्हणजे शब्द मोडायचा प्रश्नच नाही. बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. हेल्पलाइन १८१, मार चालू असेल तर ११२. आपल्यात घटस्फोट नसतोच असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, जुन्या कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या छळावरून मिळत नव्हता, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागायचा, २००१ च्या दुरुस्तीत ती अट गेली.

वडगावशेरीची ताई:
उद्या शनिवारच आहे. तिच्या आवडीची भरली वांगी घेऊन जाते, पोलिसांचं काढत नाही. तिचं आधार, पासबुक, लग्नाचा दाखला माझ्याकडे ठेवायला मागू का?

येरवड्याहून:
कागद उद्या नको मागू. आधी तुझा फोन घ्यायला लागू दे.