बिघडलेल्या अवकाश दुर्बिणीच्या संगणकात घडणारे साहस : बिघाड कसे मांडावेत?

प्रश्न

नमस्कार. एका अवकाश दुर्बिणीच्या संगणकप्रणालीत घडणारे रोलप्लेइंग साहस मी लिहीत आहे. खेळाडूंची पात्रे म्हणजे दोष शोधण्यासाठी पृथ्वीवरून पाठवलेले चार प्रोग्रॅम आहेत. चाचणीच्या खेळात मात्र प्रत्येक उपप्रणाली ही एक खोली आणि प्रत्येक बिघाड हा एक राक्षस होऊन बसला. खेळाडू आत शिरत, फासे टाकत, राक्षसाला मारत आणि पुढची खोली गाठत. हेच साहस एखाद्या भुयारात घडले असते तरी काही फरक पडला नसता. बिघाड हा बिघाडच वाटावा, यासाठी रचनेत काय बदलावे?

उत्तर १

आपल्या साहसात दोष जिथे दिसतो तिथेच तो असतो, ही मला मूळ अडचण वाटते. हबल दुर्बिणीचा १३ जून २०२१ चा प्रसंग पाहावा. वैज्ञानिक उपकरणे सांभाळणारा पेलोड कॉम्प्युटर थांबला आणि ‘मी चालू आहे’ हा त्याचा नेहमीचा संकेत येईनासा होताच मुख्य संगणकाने उपकरणे सेफ मोडमध्ये, म्हणजे नेहमीचे काम थांबवून सुरक्षित राहण्याच्या अवस्थेत, टाकली. पहिला संशय मेमरीवर गेला. पण राखीव मेमरीकडे वळणे जमेना, आणि राखीव संगणक जागा केल्यावर त्यानेही तीच तक्रार केली. अखेर संशय वीजपुरवठा नियंत्रित करणाऱ्या भागावर स्थिरावला. संगणकाला मिळणारा पाच व्होल्टचा दाब मर्यादेबाहेर गेला, तर त्याला थांबण्याचा आदेश देणारे एक संरक्षक सर्किट तिथे आहे. म्हणजे दाब खरोखर ढळला असेल, किंवा पहारेकरीच चुकत असेल. जुलैच्या मध्यावर यंत्रणा राखीव भागावर नेल्यानंतर दुर्बीण पुन्हा कामाला लागली.

नुकताच जागा झालेला जुळा भाऊ पहिल्याच श्वासाला थोरल्याचे शब्द उच्चारतो, हा क्षण खेळात जरूर आणावा. इथे फासे मारण्यासाठी टाकायचे नसून एखादी शक्यता खात्रीने वगळता आली का, हे ठरवण्यासाठी टाकायचे आहेत.

उत्तर २

वरील मांडणी मला पटते. मात्र केवळ तर्काचे कोडे उरले, तर पात्रे मागे पडतील. त्यासाठी सेफ मोडलाच एक पात्र करावे, आणि कृपया त्याला खलनायक करू नये. सौरपत्रे सूर्याकडे राखणे आणि मदत येईपर्यंत दुर्बीण जगवणे हेच त्याचे कर्तव्य आहे, त्यामुळे उपकरणे पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या खेळाडूंना तो प्रामाणिकपणे अडवील. त्याची समजूत पुराव्यानेच पटावी. काळ मोजायला प्रदक्षिणा वापरावी : हबलची एक प्रदक्षिणा साधारण ९५ मिनिटांची असते आणि तिचा सुमारे एक तृतीयांश भाग पृथ्वीच्या सावलीत, बॅटरीवर जातो.

प्रत्येक दोष दुरुस्त व्हावाच असेही नाही. केप्लर दुर्बिणीच्या चारांपैकी दोन रिॲक्शन व्हील, म्हणजे दुर्बिणीची दिशा स्थिर राखणारी फिरती चाके, २०१३ पर्यंत निकामी झाली होती. तेव्हा सूर्यप्रकाशाच्या दाबाचाच आधार घेऊन तिला स्थिर ठेवण्यात आले आणि निरीक्षणे २०१८ पर्यंत चालली.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मेमरीचा राक्षस मी काढून टाकला आहे. आता पहिल्या प्रसंगात खेळाडू एका शांत, निर्दोष मेमरीपाशी पोहोचतात, सगळे रकाने तपासतात, आणि तेवढ्यात सावली सुरू होऊन बॅटरीचा आकडा उतरू लागतो.