'अंगात येणे', 'भारावणे' की आणखी काही? गॉस्पेल गाण्यासाठी शब्द हवा

प्रश्न :
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगीत म्हणजे गॉस्पेल. ते गाणाऱ्या महेलिया जॅक्सनवर लेख लिहिते आहे आणि तीन दिवस एका वाक्यावर अडले आहे. ही बाई डोळे मिटून एकच शब्द धरते, लांबवते, वळवते, मध्येच तोडते, आणि मिल्ड्रेड फॉल्सचा पियानो तिच्या श्वासाबरोबर थांबतो, चालतो. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये असं गाणं चढत गेलं की एखादी बाई उभी राहते, हात वर होतात, डोळ्यांना धार लागते, अंगाला कंप सुटतो. मी लिहिलं, 'श्रोत्यांच्या अंगात येई.' संपादकांनी ते खोडून 'श्रोते भारावून जात' केलं. मला आता दोन्ही पटत नाहीत.

प्रतिसाद :
'भारावणे' तर मुळीच नको. त्यामागे मंत्राने भारणं आहे. मांत्रिक पाणी भारतो, दोरा भारतो. पाणी काही उत्तर देत नाही. महेलियाचे श्रोते सतत उत्तर देत असतात. 'आमेन', 'येस, लॉर्ड' हे गाण्याच्या मध्ये आलेले अडथळे नव्हेत, ते गाण्याचाच भाग आहेत. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा होता. मग पुढे उभा असलेला एकजण स्तोत्राची ओळ सांगे आणि बाकीची मंडळी ती संथ लयीत, आपापले हेलकावे देत गात. गॉस्पेल त्या सवयीवर उभं आहे. आपल्याकडे याच्या जवळचा शब्द 'झील धरणे', म्हणजे गाणाऱ्याची ओळ मागून सुरात उचलून धरणं. शाहिरामागे झीलकरी ठरलेले असतात, तिथे अख्खं चर्च झीलकरी असतं, एवढाच फरक. माझ्या मते तो फार मोठा फरक आहे.

प्रतिसाद :
ताई, मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातला. 'अंगात येणं' म्हटलं की आमच्याकडे घुमणं, देवऋषी, कौल हेच डोळ्यांपुढे येतं. वाचणाऱ्याला ते दुखावेल आणि अर्थही चुकेल. मराठी पवित्र शास्त्रात 'पवित्र आत्म्याने परिपूर्ण झाले' असं आहे. बोलताना 'आत्म्याचा संचार' म्हटलेलं चालतं.

तिकडची मंडळी स्वतः काय म्हणतात तेही बघा. 'ती हॅपी झाली' म्हणतात. त्याचं भाषांतर 'आनंदी झाली' असं केलंत तर सगळं गेलं. दुसरा शब्द 'शाउट'. तो मी एका अनुवादात 'ओरडू लागले' असा वाचला आणि फार वाईट वाटलं. चर्चमधला शाउट पायांचा आणि सगळ्या अंगाचा असतो. जुना 'रिंग शाउट' म्हणजे रिंगण धरून, पाय घासत, टाळ्यांच्या ठेक्यावर गोल फिरणं. आजही काही चर्चमध्ये पांढऱ्या पोशाखातल्या बाया कडेला उभ्या असतात. कोणाचा तोल गेला तर सावरायला, वारा घालायला. म्हणजे हे घडणार हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्याची सोय केलेली असते. 'बेभान' हा शब्दही म्हणूनच मला अपुरा वाटतो. एकाचं भान सुटतं तेव्हा बाकीचे त्याचं भान राखतात.

आणखी एक. 'गॉस्पेल' म्हणजे शुभवर्तमान, पण गानप्रकाराला 'शुभवर्तमान-गीत' म्हणू नका, कोणी म्हणत नाही. 'भजन'ही नको. आमची भजनं वेगळी आहेत, रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून आम्ही लहानपणापासून म्हणतो. गॉस्पेलची घडण शिकागोतली, १९३० च्या आसपासची. टॉमस डॉर्सी आधी ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं चर्चबाहेरचं गाणं, वाजवणारा, त्याने तोच ठेका प्रार्थनेला दिला. जुन्या वळणाच्या चर्चना ते थिल्लर वाटलं. महेलियाच्या गाण्याला आरडाओरडा म्हणणारेही होते. म्हणून 'गॉस्पेल' असंच लिहा.

प्रश्नकर्ती :
दादा, 'शाउट'बद्दल फार आभार. मी 'आरोळी' लिहून बसले होते.

'झील'वरून आठवलं. २८ ऑगस्ट १९६३, वॉशिंग्टन, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीचा मोर्चा, लिंकन स्मारकापुढे सुमारे अडीच लाख माणसं. महेलिया गायली आणि नंतर मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहिले. भाषणाच्या मध्ये तिने मागून हाक दिली, त्या स्वप्नाबद्दल सांग, मार्टिन. जवळ असलेल्यांनी ही आठवण सांगून ठेवली आहे. त्यानंतर किंग लिहिलेला मजकूर सोडून 'माझं एक स्वप्न आहे' असं बोलू लागले. तिथे झील धरणारी तीच होती.

त्या दिवशीच्या तिच्या एका गाण्याचं नाव 'हाऊ आय गॉट ओव्हर'. 'मी पार कशी झाले' असं करू का?

प्रतिसाद :
'मी कशी तरले' करा. 'पार होणे'त नुसतं अंतर कापणं आहे. 'तरणे'त पाणी आहे, बुडायची भीती आहे आणि कोणीतरी तारलं हेही आहे. तिचा जन्म १९११ चा, न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीतला, आई लहानपणीच गेलेली. 'तरले' तिच्या तोंडी शोभतं.

तुमच्या मूळ वाक्याबद्दल : 'रंगणे' वापरून पाहिलंत का? गायक चांगला गायला असं आपण एकट्याबद्दल म्हणतो, पण 'रंगलं' म्हणतो ते कीर्तन, मैफल, सगळी बैठक. त्यात ऐकणारे आपोआप आले.

प्रतिसाद (नगरकडचे) :
'रंगणे' सुंदर आहे, पण त्यात रडणं बसत नाही. डॉर्सीने १९३२ मध्ये 'प्रेशियस लॉर्ड' लिहिलं ते बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळही गेलं तेव्हा. तेच गाणं महेलिया १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत गायली. तिथे 'रंगलं' म्हणवणार नाही. तिथे 'गहिवर'. तोही एकट्याचा नव्हे, 'मंडळीला गहिवर आला' असा.

प्रश्नकर्ती :
संपादकांना आता असं पाठवते : 'ती गाऊ लागे आणि मंडळी झील धरत, मग कोणाला गहिवर येई, कोणात आत्म्याचा संचार होई, आणि शेजारचे त्याला धरून गात राहत.' 'श्रोते' हा शब्दच काढून टाकला आहे.