डिलोसवर पाणी होतं
ग्रीसमधल्या डिलोस बेटावरच्या प्राचीन शहराबद्दल 'डिलोस म्हणजे बिनपाण्याचा खडक, म्हणूनच ते शहर उजाड झालं' असं कुणीतरी लिहिलंय, ते पटत नाही. बेट जेमतेम ३.४ चौरस किलोमीटरचं, पण किंथोस टेकडीवरून इनोपोस ओढा उतरायचा आणि कित्येक घरांत चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं असे. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर पडणारं पाणीसुद्धा वाया जात नसे. ते साठायचं त्या टाक्याच्या दगडी कमानी अजून उभ्या आहेत, फार देखणं काम! शहर मोडलं ते इ.स.पू. ८८ आणि ६९ च्या लुटींनी.

एक मात्र लक्षात ठेवा. जुन्या वर्णनांतलं पवित्र तळं आता शोधू नका. मलेरियामुळे ते १९२५-२६ च्या सुमारास बुजवलं. कोरड्या खळग्यात मधोमध खजूर लावलाय, त्यावरून जागा ओळखता येते.