देशी झाडं म्हणजे फॅड? मग हे वाचा

अनगोळकर: काल इथं एकांनी लिहिलं, "देशी झाडांचं नुसतं फॅड आहे. माझ्या दारातल्या सिंगापूर चेरीवर दिवसभर बुलबुल असतात. पाखरं काय झाडाचं गाव विचारत नाहीत." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

चेरीवर बुलबुल येतात, मान्य. आमच्या शेजारच्या चेरीवरही येतात. पण गेल्या मे महिन्यात त्यातल्याच एका जोडीनं आमच्या मधुमालतीत घरटं केलं. रोज सकाळी मी खिडकीत बसून बघायचो. स्वतः चेरी खायचे, पण पिल्लांसाठी पहिले चार-पाच दिवस चोचीत अळी, नाहीतर नाकतोडा. अळ्या कढीपत्त्यावरून उचलायचे. त्याच्या पानावर पाखराच्या शिटेसारखा ठिपका दिसतो ना, ती फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते. हे कळायच्या आधी कितीतरी वर्षं मी त्यावर फवारा मारत होतो. त्या वर्षांत आमच्याकडे एकही घरटं झालं नाही. पाखरू जेवायला येणं वेगळं आणि पोरंबाळं वाढवणं वेगळं.

शहापूरची सून: तुम्हाला अंगण आहे ओ. आमचा मागाच्या दोन भिंतींमधला बोळ. चेरीनं दुसऱ्या वर्षी सावली दिली, सासूबाई दुपारी तिथंच बसतात. उंबर लावा, पिंपळ लावा म्हणणाऱ्यांनी आधी आमची टाकी बघावी. पाखरानं टाकलेल्या बीचा उंबर भिंतीत रुजला, मुळानं टाकीला भेग पाडली. अकरा हजार गेले.

अनगोळकर: टाकीजवळ उंबर लावा असं मी कुठं म्हटलं? अडुळसा, धायटी बोळातही मावते. फुलली की शिंजीर पाखरं येतात.

खानापूरचा माळ: देशी देशी काय सांगालाय? आमच्या शेतातलं रताळं अमेरिकेतलं, काजू ब्राझीलचा. ते उपटू काय? राग काढायचाच तर नीलगिरीवर काढा. आमच्या माळावर कमरेएवढ्या करवंदीच्या जाळ्या होत्या. मे महिन्यात आई टोपली भरून आणायची, तरी पाखरांना उरायची. त्या काढून नीलगिरी लावली. आता सकाळी त्या रांगांतून चाललं तर नुसता वारा ऐकू येतो. भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, ते रान राहिलं. आमच्या माळाला कोण विचारतो?

पाखरूवेडा: माळाचं खरं आहे, पण गल्लीतलं बोला. पाचोळा! रोज सकाळी लोक झाडून ढीग करतात आणि काडी लावतात. दयाळ, सातभाई पाचोळा उलथून किडे खातात. देशी झाड लावायचं आणि त्याचं पान पडलं की जाळायचं, मग उपयोग काय?

निवृत्त मास्तर: मग ठेवायचा कुठं? नातू रांगतोय. दोन वर्षांपूर्वी पाचोळ्यातून घोणस निघाली होती. आणि डास वेगळेच.

पाखरूवेडा: डास साठलेल्या पाण्यात होतात मास्तर, सुक्या पानात नाही. छपरावरचे टायर बघा.

निवृत्त मास्तर: माझं छप्पर बघायला तुम्ही कधी आलात? तोंड सांभाळून लिहा.

शहापूरची सून: मास्तर, रागावू नका, पण सासूबाईंना दमा आहे. समोर पाला पेटला की खिडक्या लावून बसतो. यात मी पाखरूवेड्यांच्या बाजूची.

पाखरूवेडा: टायरचं लिहायला नको होतं. पण घोणशीची भीती असेल तर दारापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात चार विटा लावून ढीग करा. पावसाळ्यानंतर खतही मिळेल.

निवृत्त मास्तर: कोपऱ्याचं बघतो. जाळणं बंद करीन असं मात्र म्हटलेलं नाही. आणि अनगोळकर, पाखरं अळ्यांवरच पोरं वाढवतात असा तुमचा सूर आहे. होला पिल्लांना दूध पाजतो, ते?

अनगोळकर: होल्याचं बरोबर. त्याच्या गळ्यातल्या पिशवीत ते तयार होतं, पारव्याचंही तसंच. "बहुतेक पाखरं" म्हणायला हवं होतं. पण चिमणी, शिंपी, दयाळ, शिंजीर, सगळे पिल्लांना किडेच भरवतात. मध पिणारा शिंजीरसुद्धा कोळी आणतो. आणि रताळं उपटा असं कुणी म्हटलं नाही. दारात एक तरी झाड इथलं असावं एवढंच माझं म्हणणं.

शहापूरची सून: चेरी तोडणार नाही, आधीच सांगते. पण कढीपत्ता तसाही रोज लागतो. कुंडीत येईल काय?

अनगोळकर: मोठी कुंडी घ्या. आमच्या झाडाच्या मुळातून तीन फुटवे आलेत. वळवाचे एक-दोन पाऊस होऊ देत, माती भिजली की मुळासकट काढून देतो. फवारा मात्र मारायचा नाही.

शहापूरची सून: फोडणीपुरती पानं राहू देत म्हणजे झालं.